तुळशीवरची हिरवी काच

१९५६ सालच्या वैशाखात मुलुंडमधल्या एका चाळीच्या चौकातली तुळस वाळली. दुपारपर्यंत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मालती सबनीस यांना त्याबद्दल दोषी ठरवण्यात आले. संध्याकाळी चाळीचे मालक दामूअण्णा यांनी त्यांना पावसाच्या आत खोली रिकामी करायला सांगितले. दोष आणि हुकूम, दोन्ही सबनीसबाईंनी नाकारले.

मी तेव्हा एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो आणि सबनीसबाईंच्या शेजारच्या खोलीत राहत होतो. पुढे लिहिले आहे त्यातले बहुतेक मी गॅलरीतून पाहिले. जे पाहिले नाही ते माझ्या पत्नीकडून कळले, आणि तसे त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

सबनीसबाई आदल्या दसऱ्याला राहायला आल्या होत्या. बरोबर म्हातारे वडील, दोन ट्रंका, एक वेताची खुर्ची आणि गोणपाटात गुंडाळलेल्या काही कुंड्या. वय पस्तिशीच्या पुढे असावे. लग्न केलेले नव्हते. मुंबईतल्या एका कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकवत. उंच आणि किडकिडीत होत्या. मनगटावर पुरुषी घड्याळ असे. चपलेचा अंगठा तुटला तर तो तांब्याच्या तारेने बांधत आणि तीच चप्पल पुढे वर्षभर घालत. रविवारी सकाळी येऊरच्या डोंगराकडे चालत जात आणि ओल्या पंच्यात गुंडाळलेले काहीतरी घेऊन परत येत.

भाजीवालीकडे मेथी घेताना त्या जुडीतले एक पान काढून उन्हाकडे धरत. भाजीवाली एकदा म्हणाली, "बाई, ती काय दहाची नोट हाय, खरी-खोटी बघायला?"

"नोटेत बघण्यासारखं एवढं नसतं," बाई म्हणाल्या आणि दुसरे पान धरले.

भांडताना त्या आवाज चढवत नसत. त्यामुळे भांडण लांबे. समोरचा ओरडून थकला की बाई पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करत.

कोणी काही सांगितले की त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. मी एकदा त्यांना जिन्यात सांगितले की ठाण्याला पाण्याची मोठी टाकी फुटली.

"बघितलंत की ऐकलंत?"

"आमच्या वार्ताहरानं कळवलंय."

"म्हणजे ऐकलंत," असे म्हणून त्या वर गेल्या. टाकी फुटली नव्हती, गळत होती. दुसऱ्या दिवशी आम्हाला खुलासा छापावा लागला. त्यानंतर बाई मला 'वार्ताहर' म्हणू लागल्या. माझा हुद्दा उपसंपादकाचा आहे हे मी दोनदा सांगून पाहिले.

महिन्याचे चार दिवस बाजूला बसण्याची रीत चाळीत सर्व घरांत पाळली जात होती. जिची पाळी असे ती गॅलरीच्या टोकाला चटईवर बसे, वेगळ्या तांब्यातून पाणी पिई आणि कशाला शिवत नसे. अशा बाईची सावली पडली तर तुळस वाळते हे सर्वांना ठाऊक होते. सबनीसबाई बसताना दिसत नाहीत हे दोन-तीन महिन्यांत बायकांच्या ध्यानात आले. माझ्या पत्नीने सांगितल्याप्रमाणे नळावर काशीकाकूंनी तो विषय काढला. काशीकाकू तळमजल्यावर राहत. चाळीतल्या त्या सर्वांत जुन्या भाडेकरू, विधवा, कडक सोवळ्याच्या, मूळच्या राजापूरकडच्या.

"काय गो मालती, तू चार दिवस कुठं बसतेस? दिसत नाहीस ती."

"बसते की. कॉलेजात स्टुलावर."

"तसं नव्हे."

"आजच आहे काकू माझा दुसरा दिवस. तुमची घागर भरली, ती उचलता का? माझी बादली लावते."

काशीकाकूंनी भरलेली घागर ओतून दिली, चिंच लावून घासली आणि पुन्हा भरली. तोपर्यंत बाई बादली घेऊन वर गेल्या होत्या. पुढच्या महिन्यातही हेच घडले. त्याच्या पुढच्या महिन्यात घागर बाजूला घ्यायला काशीकाकूंनी एक काठी आणून ठेवली.

आता तुळशीबद्दल. दामूअण्णांचे घाटकोपरला काचेचे दुकान होते. त्यांचा मुलगा विषमज्वरातून उठला, तेव्हा त्यांनी बोललेला नवस फेडला. कार्तिकात, तुळशीच्या लग्नाला, त्यांनी चौकातल्या वृंदावनावर काचेचे घर बांधून दिले. चारी बाजूंना हिरवी काच, छपरालाही हिरवी काच, आणि पाणी घालण्यासाठी पूर्वेकडे हात जाईल एवढे दार. रंग त्यांनी विचार करून निवडला होता. तुळस म्हणजे नवरी. नवरीला हिरवा चुडा, हिरवा शालू. तेव्हा तिचे घरही हिरवे. कावळ्यांचा आणि मुलांच्या चेंडूचा त्रास चुकणार होता तो वेगळा. बायकांनी त्या घराला हळदकुंकू लावले. सकाळच्या उन्हात ते खरोखर सुंदर दिसत असे.

माघात तुळस भराभर उंच झाली. नवस पावला असे लोक म्हणाले. पण दोन पानांमधले अंतर वाढले होते, पाने लहान आणि फिकट झाली होती. चैत्रात ती खालून गळू लागली. वैशाखात नुसत्या काड्या उरल्या.

त्या संध्याकाळी चौकात वीस-पंचवीस माणसे जमली होती. दामूअण्णा मध्ये उभे होते. ते वाईट गृहस्थ नव्हते. भाड्यासाठी त्यांनी कोणाच्या दाराशी तमाशा केल्याचे मला आठवत नाही.

"बाई, तुम्ही तुळशीला पाणी घालता?"

"घालते. सकाळी कॉलेजला जाताना."

"त्या चार दिवसांत पण?"

"त्या चार दिवसांत पण."

"बघा, कबूल करते," मागून कोणीतरी म्हणाले.

"कबूल काय करायचंय? चोरी केली का?" बाई मागे न पाहता म्हणाल्या. "अण्णा, तुळस तुमच्या काचेनं वाळली. तुम्ही आत्ता विचारलंत म्हणून सांगते असं नाही, माघात मी तुम्हाला दुकानात येऊन सांगितलं होतं. काच काढा, पुढची जगेल."

हे खरे होते. माघात बाई दुकानात गेल्या होत्या आणि दामूअण्णांनी त्यांना सरबत पाजून परत पाठवले होते.

दामूअण्णांचा चेहरा बदलला. "माझ्या पोराच्या नवसाची काच आहे ती."

"मुलगा बरा झाला हे चांगलंच झालं. पण काचेला ते माहीत नाही."

त्यानंतर दामूअण्णांनी खोलीबद्दल सांगितले. बाईंचे वडील नाना वर गॅलरीत खुर्चीवर बसले होते. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, बोलणे मात्र स्वच्छ होते. बाई वर आल्यावर त्यांनी विचारले, "मालू, ही कितवी खोली?"

"चौथी, नाना. सोडलेली नाही अजून."

दुसऱ्या दिवशी बाई दामूअण्णांच्याच दुकानात गेल्या आणि लाल, निळी आणि हिरवी अशी तीन रंगांची काच मागितली. दामूअण्णांनी स्वतः हिऱ्याच्या कणीने कापून दिली. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

बाईंनी पवईच्या तळ्यातून पाण्याखाली वाढणारी एक वनस्पती आणली. कॉलेजात तिला हायड्रिला म्हणतात. चाळीत सगळे शेवाळच म्हणत. मुरंब्याच्या तीन बरण्यांत पाणी भरून तिच्या सारख्या लांबीच्या काड्या त्यांनी देठ वर करून ठेवल्या. प्रत्येक बरणी एका खोक्यात बसवली. खोक्याच्या बाकीच्या बाजू पुठ्ठ्याच्या, उन्हाकडची एक बाजू काचेची: एकाला लाल, एकाला निळी, एकाला हिरवी. मागून डोकावायला एक भोक. पान उजेडात आपले अन्न तयार करते तेव्हा प्राणवायू सोडते. पाण्यात तो कापलेल्या देठातून बुडबुड्यांनी वर येतो. जितके बुडबुडे जास्त तितके पानाचे काम जास्त. तिन्ही खोकी गॅलरीच्या टोकाला, ऊन येई तिथे ठेवलेली होती.

त्याच टोकाला त्या दिवशी सुमन चटईवर बसली होती. सुमन ही काशीकाकूंची सून, लग्नाला दोन वर्षे झालेली. तळमजल्याला गॅलरी नसल्यामुळे तिला बसायला वर यावे लागे.

"चार दिवस मोकळीच आहेस ना?" बाईंनी विचारले. "मग बुडबुडे मोज. मला कॉलेजला जायचंय."

"मी शिवू नाही शकत, बाई."

"मोजायला शिवावं लागत नाही. पण शिवलीस तरी त्याला काही होणार नाही."

सुमनने मोजले. तिला दुसरे काही काम करण्याची परवानगी नव्हती, त्यामुळे तिने सकाळपासून ऊन जाईपर्यंत मोजले. ढग आला की तिन्ही बरण्या मंदावतात हे तिने न सांगता टिपले आणि ढगातले आकडे वेगळे ठेवले. संध्याकाळी बाई आल्या तेव्हा ती म्हणाली, "लाल सगळ्यांत पुढं. निळी तिच्या मागोमाग. हिरवीत येतात, पण कंटाळत येतात."

"येतच नाहीत असं नाही ना?"

"नाही. येतात."

"मग तसंच सांगायचं. आमच्याकडची मुलं हिरव्यात शून्य लिहून मोकळी होतात. न बघता."

काशीकाकूंना सुनेनेच बोलावून आणले. काकूंनी खोक्याच्या भोकातून तिन्ही बरण्या पाहिल्या. "बुडबुडे तर माझ्या आमटीला पण येतात," त्या म्हणाल्या.

"आमटी विस्तवानं उकळते. ही उजेडानं. काकू, तुमच्याकडे पाहुणा जेवायला आला. वरणभात संपवला, भाजी संपवली आणि कारलं ताटात बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याला नुसतं कारलंच वाढलंत तर?"

"कारलं मी चांगलं करते."

"करत असाल. त्याला नको होतं. पान लाल उजेड खातं, निळा खातं. हिरव्यातला थोडा घेतं आणि बाकीचा परत सारतं. तो परत आलेला आपल्याला दिसतो, म्हणून पान हिरवं. अण्णांनी तुळशीला चारी बाजूंनी नेमका तोच वाढला."

काशीकाकूंनी हिरव्या काचेच्या खोक्यात पुन्हा एकदा डोकावून पाहिले. मग म्हणाल्या, "हे तुझं शेवाळ. तुळस देव आहे. देवाला तुझ्या बरणीतले नियम नाहीत."

"मग तुळशीवरच बघू."

"बघू. मी सोवळ्यात पाणी घालीन, हिरव्या काचेत. बघू कशी वाळते ती."

"एका कुंडीला नको, दोन कुंड्यांना घाला," बाई म्हणाल्या.

ठरले ते असे. एकाच वाफ्यातली चार सारखी रोपे, चार कुंड्यांत. दोन कुंड्यांना काशीकाकू सोवळ्यात पाणी घालणार. दोन कुंड्यांना सबनीसबाई, महिन्याच्या सर्व दिवशी. प्रत्येकीची एक कुंडी हिरव्या काचेच्या पेटीत आणि एक साध्या काचेच्या. विटाळाने वाळत असेल तर बाईंच्या दोन्ही वाळतील. रंगाने वाळत असेल तर हिरव्या काचेतल्या दोन्ही.

पेट्या दामूअण्णांनी करून दिल्या. आपण हरणार नाही याची त्यांना खात्री होती. "साधी काच कशाला?" त्यांनी विचारले.

"नाहीतर तुम्ही म्हणाल, रंगानं नव्हे, पेटीतल्या उकाड्यानं वाळली."

"तेच म्हणणार होतो," दामूअण्णा म्हणाले. "पण मुदत तीच. पाऊस आला की खोली रिकामी."

"तोवर काही दिसणार नाही. तरी लावते."

मी हा प्रकार आमच्या संपादकांना सांगितला. शहरवार्तांत एक परिच्छेद देता येईल असे सुचवले. त्यांनी विचारले, "मथळ्यात पाळी हा शब्द घालणार की विटाळ?" परिच्छेद छापला गेला नाही.

पहिल्या पंधरवड्यातच काशीकाकूंची हिरव्या काचेतली तुळस मेली. सकाळी ती बुंध्याशी काळी पडून आडवी झालेली होती. बाकी तीन रोपे हिरवी होती. चौकात लोक जमले. सोवळ्यातले पाणी आणि हिरवी काच, आणि तीच गेली. आणखी काय पुरावा हवा, असे म्हणणारे दोघे-तिघे निघाले. यातले एक आदल्या महिन्यात 'कबूल करते' म्हणणारे होते. दामूअण्णा छत्रीच्या टोकाने फरशीची फट उकरत उभे होते. काशीकाकू पायरीवर बसून होत्या. त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते.

बाई खाली आल्या. त्यांनी रोप मुळासकट उपटले, मुळे नळाखाली धुतली, हुंगली आणि दामूअण्णांच्या समोर धरली.

"वास घ्या."

दामूअण्णांनी नाक मागे घेतले. "कुजकट येतोय."

"ही उजेडानं मेली नाही. पाण्यानं मेली. मुळं कुजलीत. हिरव्या काचेत रोप अर्धपोटी राहतं, आणि अर्धपोटी माणूस पंधरा दिवसांत मरत नाही. ही धरायची नाही. चारही पुन्हा लावायची."

गॅलरीतून नानांनी हाक मारली, "मालू, जिंकलीस ना? मग गप बस की."

"नाही जिंकले, नाना."

"लोक म्हणताहेत जिंकलीस."

"लोक गेल्या महिन्यात विटाळही म्हणत होते."

दामूअण्णांनी छत्री काखेत मारली. "पुन्हा लावायला वेळ कुठला, बाई? पाऊस दारात आलाय. तुम्हीच म्हणता धरायची नाही. मग नाहीच धरली. खोलीचं ठरल्याप्रमाणे."

 बाई नवीन माती चाळायला बसल्या.

तेव्हा काशीकाकू पायरीवरून बोलल्या. दामूअण्णांच्या वडिलांच्या वेळेपासून त्या चाळीत होत्या आणि त्यांना एकेरी हाक मारणाऱ्या तिथे त्या एकट्याच होत्या.

"दामू, पाणी मी जास्त घातलं. सकाळचं घालत होतेच. शिवाय या हिरव्या काचेतलीला देवाचं तीर्थ घातलं, अभिषेकाचं दूध घातलं, संध्याकाळी पुन्हा तांब्याभर. ती वाळू नये म्हणून घातलं. हिनं सांगितलं नसतं तर कोणाला कळलं नसतं. तुळशीच्या लग्नापर्यंत मुदत दे तिला."

दामूअण्णांनी मुदत दिली.

चार रोपे पुन्हा लागली. या वेळी पाण्याला माप ठरले: प्रत्येक कुंडीला एक वाटी, दोघींचीही वाटी एकाच मापाची. काशीकाकूंनी आपली वाटी देवघरात ठेवली. बाई आपली वाटी घेऊन खाली येत तेव्हा ज्या दिवशी सांगण्यासारखे असे त्या दिवशी चौकात सर्वांना ऐकू जाईल असे सांगत, "आज पहिला दिवस आहे हो." हे त्या हवामानाचा अंदाज सांगावा तसे सांगत. पहिल्यांदा दोन बायकांनी कानावर हात ठेवले. श्रावणापर्यंत माझ्या पत्नीच्या म्हणण्याप्रमाणे कोणी मान वर करून पाहीनासे झाले होते. माझी पत्नी स्वतःही त्या सुमारास चटईवर बसायचे सोडून खोलीतच राहू लागली. त्याबद्दल आमच्यात बोलणे झाले नाही.

पावसाळ्यात उजेड कमी, म्हणून सगळीच रोपे संथ वाढली. बाई रोज पाहत, पण मत विचारले तर देत नसत. "बघून सांगते," एवढेच म्हणत. भाद्रपदात दामूअण्णांनी त्यांना परळला एक चांगली खोली आहे असे सांगितले. ओळखीत आहे, नानांना तळमजला मिळेल. ते मनापासून सांगत होते. बाईंनी आभार मानले आणि परळला कोणत्या दिशेने ऊन येते ते विचारले. 

कार्तिकात, तुळशीच्या लग्नाच्या सकाळी, चारही पेट्या उचलल्या. दामूअण्णांनी स्वतः उचलल्या. हिरव्या काचेतली दोन्ही रोपे उंच, वाकलेली, फिकट होती. काशीकाकूंचे आणि बाईंचे त्यांत ओळखू येण्यासारखा फरक नव्हता. साध्या काचेतली दोन्ही ठेंगणी, दाट आणि मंजिऱ्या धरलेली होती. वाळलेले एकही नव्हते.

बाईंनी साध्या काचेतली दोन्ही रोपे जवळजवळ ठेवली आणि वाकून पाहिली. "काकूंची माझ्यापेक्षा सरस आहे," त्या म्हणाल्या. "फांद्या जास्त आहेत. वृंदावनात हीच लावा."

"ती सोवळ्यामुळे सरस," काशीकाकू म्हणाल्या.

"असेल. दोन रोपांवरून सांगता येत नाही. पुढच्या वर्षी वीस लावू."

काकूंना हसू आले. ते त्यांनी पदराआड केले.

वृंदावनावरची काच उतरवायची असे दामूअण्णांनी सर्वांसमोर सांगितले. ती मुलाच्या खिडकीला बसवणार होते. मग ते बाईंकडे वळले. "खोलीचंही मिटलं असं समजा. एकच करा. ते चार दिवस तुळशीकडे येऊ नका. तुम्हीच दाखवलंत की विटाळानं वाळत नाही. मग चार दिवस नाही घातलंत पाणी, तर तुळशीचं काय जातं?"

चौकातल्या लोकांना हे रास्त वाटले. मलाही वाटले.

"तुळशीचं काही जात नाही," बाई म्हणाल्या. "माझं जातं."

"बाई, मी एवढं काच उतरवतोय."

"काच चुकीची होती म्हणून उतरवताय. माझ्यावर उपकार म्हणून उतरवत असाल तर राहू द्या. पाणी मी रोज घालणार."

"मग खोली राहणार नाही. मला चाळीला तोंड द्यायचंय."

"मला पण ह्याच चाळीला द्यायचंय."

त्या वर आल्या तेव्हा नाना जागे होते. त्यांनी सर्व ऐकले होते. मागे 'गप बस' म्हणणारे नाना या वेळी म्हणाले, "आवरायला घेशील तेव्हा माझी खुर्ची आधी बांध. मागच्या वेळी तिचा पाय सुटला होता."

"आवरत नाही अजून," बाई म्हणाल्या आणि कॉलेजच्या वह्या तपासायला बसल्या.

काकूंचे रोप वृंदावनात लावले आणि लग्न लागले. अंतरपाट धरला, मंगलाष्टके झाली, उसाचे तुकडे वाटले. बाई गॅलरीतून अक्षता टाकून आत गेल्या.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळची वेळ. दामूअण्णांनी काच उतरवायला दोन माणसे आणली होती आणि ते स्वतः चौकात उभे होते. नळावर चार-पाच बायका होत्या. मी गॅलरीत दात घासत होतो. माझ्यापासून दहा पावलांवर, टोकाला, सुमन चटईवर बसलेली होती. ती उठली, आपला वेगळा ठेवलेला तांब्या उचलला, जिना उतरली, नळावर रांग नसल्यासारखी पुढे होऊन तो भरला आणि तुळशीला घातला.  थोडे पाणी कट्ट्यावर सांडले.

"अगं सुमन, तू बाहेरची ना?" नळावरून कोणीतरी म्हणाले.

"हो," सुमन म्हणाली. "आज दुसरा दिवस."

दामूअण्णा काशीकाकूंच्या दाराकडे वळले. काकू उंबऱ्यावर बसून वाती वळत होत्या. "काकू, बघताय ना?"

"बघतेय. डोळे आहेत मला."

"तुमची सून आहे ती."

"माझीच आहे. दामू, त्या चार कुंड्या तू बघितल्यास, मी पण बघितल्या. दोघांनी एकदमच बघितल्या. आता माझी खोली कधी रिकामी करू ते सांग. माझ्या ट्रंका जड आहेत, माणूस लागेल."

दामूअण्णा वृंदावनाकडे वळले. मग काच उतरवणाऱ्या माणसांना त्यांनी कोपरे सांभाळायला सांगितले आणि ते दुकानात निघून गेले. खोल्यांचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही, आणि मी चाळ सोडली तोपर्यंत काढल्याचे मला माहीत नाही.

थोड्या वेळाने सबनीसबाई कॉलेजला जाण्यासाठी तयार होऊन जिना उतरल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात भरलेला लोटा होता. नुकतेच घडलेले त्यांना ठाऊक नव्हते. त्या कट्ट्याजवळ पोचल्या तेव्हा काशीकाकूंनी वाती वळता वळता हाक मारली.

"आता तू नको घालूस गो. सुमननं घातलंय. जास्त झालं तर कुजते."

बाईंनी सुमनकडे पाहिले, मग काकूंकडे. वाकून माती पाहिली. माती ओली होती. त्या भरलेला लोटा घेऊन परत वर गेल्या.